अ‍ॅक्टिवावरून थेट स्नोमोबाईलवर: वजन, इंजिन आणि बसण्याची पद्धत

गुलमर्गला पहिल्याच वळणावर मी डावा पाय खाली टाकला. पंचवीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाला तोल जातोय असं वाटलं की पाय आपोआपच खाली जातो. माझ्या मागे बसलेल्या काश्मिरी चालकाने गुडघ्यावर सणसणीत चापट मारली आणि ओरडला, "पैर अंदर, साहब!" गाडी थांबवल्यावर त्याने समजावलं: पाय बर्फात रुतला असता, गाडी पुढे गेली असती आणि गुडघा मागे राहिला असता.

माझं फोंड्यात दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. गाड्यांमधलं मला कळतं असा माझा समज होता. गुलमर्गला तो निम्मा उतरला आणि पुढच्या वर्षी बहिणीकडे कॅनडात, ऑन्टारिओत, भावोजींबरोबर भाड्याची स्नोमोबाईल चालवली तेव्हा उरलेलाही उतरला. आता ओळखीतलं कोणी ना कोणी दर हिवाळ्यात काश्मीरला किंवा परदेशातल्या नातेवाइकांकडे जातं आणि निघण्याआधी गॅरेजवर येऊन विचारतं. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा हे एकदाच लिहून ठेवतो. वाचणाऱ्याला स्कूटर येते आणि बर्फ फक्त फ्रीजमधला माहीत आहे, असं धरून चालतो.

१. आधी गाडी ओळखा

रिक्षा डोळ्यांसमोर आणा आणि ती उलटी करा. पुढे एकाऐवजी दोन टेकू, मागे दोनाऐवजी एक. पुढचे दोन टेकू म्हणजे स्की. मागचा म्हणजे रणगाड्यासारखा फिरणारा रुंद रबरी पट्टा. त्याच्यावर उभे दात असतात, ते बर्फात रुततात आणि गाडी पुढे ढकलतात. हँडल वळवलं की स्की वळतात, ताकद मात्र फक्त मागच्या पट्ट्याला जाते. ब्रेकही पट्ट्यालाच लागतो, स्कींना ब्रेक नसतो.

उजव्या हाताची मूठ फिरत नाही. रेस द्यायला अंगठ्याने दाबायची एक पट्टी असते. डाव्या हाताला ब्रेक. ही सवय मोडायला मला अर्धा तास लागला. घाबरलो की मी मूठ आवळायचो आणि आवळलेल्या मुठीत अंगठाही दाबला जायचा. म्हणजे थांबायचं असताना गाडी पळायची. पहिली दहा मिनिटं सपाट मैदानावर फक्त एवढंच करा: अंगठा सोडा, डाव्या हाताने ब्रेक दाबा. शंभर वेळा करा, लाजू नका.

आतली रचना मात्र ओळखीची निघेल. बहुतेक स्नोमोबाईलना गियर टाकावे लागत नाहीत. दोन पुली आणि मध्ये व्ही-बेल्ट. इंजिन वेगात फिरलं की पुढच्या पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो. अ‍ॅक्टिवाचा व्हेरिएटर ज्याने उघडून पाहिलाय त्याला हे सांगायची गरज नाही. भावोजींनी बॉनेट उघडून दाखवलं तेव्हा मी हसलोच. तोच प्रकार, फक्त बेल्ट बराच रुंद. आणि तोच आजारही: चढावर किंवा खोल बर्फात हळूहळू रेस ओढत बसलात की बेल्ट घसरतो, तापतो, तुटतो. म्हणून जादा बेल्ट गाडीतच ठेवलेला असतो. भाड्याने घेताना तो आहे का आणि बदलायचं अवजार सोबत आहे का, हे विचारा.

२. निघण्यापूर्वीची जमवाजमव

कागदपत्रं आणि सामान एकदम सांगून टाकतो.

- आधार कार्ड आणि वाहन परवाना, मूळ प्रती.
- परदेशात जाणार असाल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तो एक वर्ष चालतो. भाड्याने देणारा नेमकं काय मागतो ते फोन करून आधीच विचारा.
- प्रवास विमा. बारीक अक्षरं वाचा. पुष्कळ पॉलिसींत स्नोमोबाईल साहसी खेळात धरून वगळलेली असते.
- काश्मीरला जाताना पोस्टपेड सिम. गोव्यातलं प्रीपेड सिम तिथे रोमिंगवर चालत नाही. आमच्या चौघांत एकाकडेच पोस्टपेड होतं. तो बिचारा तीन दिवस सगळ्यांचा टेलिफोन बूथ झाला.
- अंगाला चिकटून सुती बनियन नको. घामाने भिजलं की वाळत नाही आणि थंडी आत शिरते. आतून लोकरी किंवा सिंथेटिक, मध्ये गरम, वरून वारा आणि पाणी अडवणारं.
- मोजे आणि हातमोजे दोन-दोन जोड. ओला हातमोजा घातलेल्या अंगठ्याला रेस किती दाबली जातेय ते कळत नाही.
- तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट. आपलं पावसाळी अर्धं हेल्मेट इथे चालत नाही.

श्रीनगरहून गुलमर्ग पन्नासेक किलोमीटर. शेवटचा टप्पा टंगमर्गपासून चढाचा आहे. बर्फ पडला असेल तर चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्याच वर जातात. टंगमर्गला गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. बूट घालून चार पावलं चालून पाहा. सैल बूट फूटबोर्डवर पकड देत नाही आणि पुढे सांगणार आहे ते सगळं पायांच्या पकडीवर अवलंबून आहे. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस तिथे 'चिल्ला-इ-कलां' म्हणून ओळखले जातात, सगळ्यात कडक थंडीचे. डिचोलीत पारा अठरावर आला की स्वेटर शोधणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

३. वजन: गाडीचं, तुमचं आणि टाकीतलं

नुसता आकडा पाहून गाडी कशी चालेल ते कळत नाही. वजन कुठे बसलंय ते बघायचं असतं.

डोंगराळ, मऊ बर्फासाठी बनवलेली हलकी गाडी कोरडी साधारण २०० किलो असते. जोडीने बसायची किंवा ओझं ओढायची गाडी ३०० किलोच्या वर सहज जाते. टाकी ३५ ते ४५ लिटरची धरा. पेट्रोल लिटरमागे पाऊण किलो, म्हणजे टाकी भरली की तीसेक किलो वाढले. सकाळी आणि संध्याकाळी एकच गाडी वेगळी वाटते ती काही अंशी यामुळेच.

स्कींवर वजन जास्त असेल तर त्या बर्फात चावतात आणि गाडी वळते. पट्ट्यावर वजन जास्त असेल तर मागून जोर मिळतो, पण पुढचा भाग हलका होऊन गाडी हँडलचं ऐकत नाही. हँडल डावीकडे आणि गाडी सरळ, असं झालं की नवशिका हँडल आणखी पिळतो. उपयोग शून्य. अंगठा थोडा सैल करा. रेस कमी झाली की गाडीचं नाक खाली दबतं, स्की चावतात, गाडी वळते.

कळंगुटला जेट-स्की चालवलेल्यांसाठी खास सूचना. तिथे रेस सोडली की हँडल मेलं, कारण वळवायला मागचा पाण्याचा झोतच लागतो. इथे बरोबर उलटं. जेट-स्कीची सवय घेऊन बर्फावर आलात तर वळणावर रेस द्याल आणि थेट देवदाराच्या झाडात जाल.

तुमचं स्वतःचं वजनही हिशेबात धरा. २०० किलोच्या गाडीवर ९० किलोचा माणूस म्हणजे एकूण वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. मागचं सस्पेन्शन साठ किलोच्या माणसासाठी लावलेलं असेल आणि वर नव्वदचा बसला, तर गाडी मागे बसते आणि स्की हलक्या होतात. दुकानात वजन खरं सांगा आणि स्प्रिंग त्याप्रमाणे लावून मागा, दोन मिनिटांचं काम असतं. मी लाजून आठ किलो कमी सांगितले होते. पहिला तासभर गाडी नांगरासारखी सरळच जात राहिली.

मागे कोणाला बसवत असाल तर सगळा भार पट्ट्यावर येतो. अ‍ॅक्टिवावर दोघं, मध्ये पोरगं आणि पुढे भाजीची पिशवी, हा आपला हिशेब इथे लावू नका. जोडीने बसायची गाडी वेगळी येते, तीच घ्या. मागच्याला निघण्यापूर्वीच सांगा: मी झुकेन त्याच बाजूला तूही झुक. अनमोड घाटात बाइकवर मागे बसलेला माणूस घाबरून उलट्या बाजूला झुकला की काय होतं ते ज्याने अनुभवलंय, त्याला जास्त सांगायला नको.

४. पट्ट्याची लांबी आणि स्कींमधलं अंतर

हे थोडक्यात. पट्ट्याची लांबी इंचात सांगतात. १२० ते १३७ इंची पट्टा दाबलेल्या वाटेवर चपळ चालतो. दीडशेच्या पुढचा लांब पट्टा मऊ बर्फावर तरंगतो, पण वळायला आळशी. स्की जितक्या लांब अंतरावर तितकी गाडी वळणावर सपाट राहते. डोंगरातल्या गाड्यांच्या स्की मुद्दाम जवळ ठेवतात, म्हणजे गाडी कुशीवर कलवता येते. नवख्याने रुंद स्की आणि आखूड पट्टा मागावा.

५. इंजिन कोणतं?

जुन्या लोकांना कायनेटिक होंडा आठवत असेल. टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दर दोन हालचालींत एकदा ताकद देणारं) इंजिन आणि वर व्हेरिएटर. अंगठ्याएवढी रेस दिली की उडी मारायची. टू-स्ट्रोक स्नोमोबाईल तिची थोरली बहीण समजा. रस्त्यावरून आपल्याकडे टू-स्ट्रोक जवळजवळ गेली, बर्फावर ती अजून जोरात आहे आणि कारण वजन. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक (आजच्या अ‍ॅक्टिवासारखं) इंजिन बरंच जड पडतं आणि ते वजन नेमकं पुढे, स्कींच्या वर बसतं. मऊ बर्फात ते नाक खाली रुतवतं. दाबलेल्या वाटेवर मात्र तेच वजन स्कींना पकड देतं.

रेस सोडल्यावरचा फरक जास्त महत्त्वाचा, कारण नवशिका तिथेच फसतो. फोर-स्ट्रोकमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढतं. उतारावर अंगठा सोडला की वेग बराचसा आवाक्यात राहतो. टू-स्ट्रोक तुलनेने मोकळी वाहत जाते, तिथे ब्रेकची तयारी ठेवावी लागते. भावोजींची फोर-स्ट्रोक आणि माझी टू-स्ट्रोक. त्यांच्या मागोमाग उतरताना त्यांनी नुसता अंगठा सोडला, मीही सोडला आणि मी त्यांच्या शेपटीला जाऊन टेकलो. वेगळं इंजिन पुढे असेल तर अंतर दुप्पट ठेवा.

पहिल्यांदा चालवणाऱ्याने फोर-स्ट्रोक घ्यावी, हे माझं स्पष्ट मत. शांत चालते, पेट्रोल कमी पिते, रेसला हळू उत्तर देते. टू-स्ट्रोकचा आवाज ऐकून माझ्यासारख्या मेकॅनिकचा जीव गलबलतो ते वेगळं.

विजेवरच्या स्नोमोबाईलही आल्या आहेत. त्यात पूर्ण जोर पहिल्या क्षणीच मिळतो, म्हणून सुरुवातीला अंगठा अगदी पिसासारखा ठेवा. बॅटरी जड असते आणि थंडीत तिचा पल्ला घटतो.

उंची विसरू नका. गुलमर्ग साधारण २,६५० मीटरवर आहे. हवा विरळ, म्हणून साधं इंजिन दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. हिशेब केला तर पाव ताकद गेली. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारं यंत्र) असेल तर ही तूट बरीचशी भरून निघते. गाडी "ओढत नाही" म्हणून चालकाशी भांडू नका. तुम्हालाही तिथे जिना चढताना धाप लागतेच की.

६. बसायचं कसं, उभं कधी राहायचं

सगळा लेख या मुद्द्यासाठी आहे, इथे सावकाश वाचा.

बाइक वळणावर स्वतः कलते आणि तुम्ही तिच्याबरोबर कलता. स्नोमोबाईल दाबलेल्या वाटेवर सपाटच राहते. डावीकडे वळताना गाडी उजवीकडे उलटू पाहते आणि डावी स्की उचलली जाते. वेगात वळणाऱ्या रिक्षात आतलं चाक उचलल्यासारखं वाटतं, तसंच. तेव्हा तुम्हालाच आतल्या बाजूला जायचंय. नुसती मान कलवून भागत नाही. बूड सीटवरून सरकवून आतल्या मांडीवर बसा, छाती थोडी पुढे, आतल्या पायावर भार. मी पहिल्या दिवशी खांदे झुकवायचो आणि बूड जागच्या जागी. भावोजी म्हणाले, "अरे, लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याला जागा करून देतोस तसं सरक!" त्यानंतर जमलं.

क्रम असा: वळणाच्या आधी वेग कमी करा, मग आत सरका, मग हँडल, आणि बाहेर पडताना हळूहळू रेस. वळणाच्या मधोमध ब्रेक करकचून दाबला तर पट्टा जाम होतो आणि गाडीची शेपटी फिरते.

चढावर भार पुढे घ्या, उभं राहून हँडलवर ओणवं व्हा, नाहीतर नाक उचललं जाऊन गाडी अंगावर येऊ शकते. उतारावर मागे सरका, बसून राहा आणि ब्रेक हलक्या हाताने दाबत-सोडत वापरा. खाचखळग्यांत अर्धवट उभे राहा, गुडघे सैल. चोर्ला घाटात खड्डा आला की बाइकवर उठता ना, तसंच. सीटवर घट्ट बसून राहिलात तर रात्री कंबर हिशेब मागते.

खोल, मऊ बर्फात नियम बदलतात. तिथे स्कींना चावायला काही नसतं. डावीकडे जायचं तर डाव्या फूटबोर्डवर सगळा भार टाका, हँडल किंचित उजवीकडे आणि रेसचा एक झटका. गाडी डाव्या कुशीवर कलते आणि पट्ट्याच्या कडेवर वळते. ऐकायला उलटं वाटतं. मला दोन दिवसांत हे तीनदा जमलं आणि निदान वीस वेळा मी बर्फात आडवा झालो. मऊ बर्फात पडायला मजा येते, हेही सांगून ठेवतो.

आडव्या उतारावरून जाताना भार नेहमी डोंगराच्या बाजूला. गाडी उलटतेय असं वाटलं तर पायाने सावरू नका. वरच्या बाजूला उडी मारा आणि गाडी जाऊ द्या. मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरी अडकवलेली असते, तुम्ही पडलात की ती निघते आणि इंजिन बंद पडतं. ती न लावता कधीच निघू नका, "दोन मिनिटांचंच काम" असलं तरी.

७. नवशिक्यांचे ठरलेले सापळे

*रुतल्यावर रेस देणं.* पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या स्कूटरला रेस दिली की चाक आणखी खाली जातं, इथे पट्टा स्वतःची कबर खणतो. इंजिन बंद करा, पट्ट्यापुढचा बर्फ उकरा, पायांनी तुडवून वाट टणक करा, मग हळू रेस देत बाहेर काढा.

*कडक बर्फावर गाडी तापणं.* याचं मला फार नवल वाटलं. उणे बारा तापमानात तापमानाचा लाल दिवा लागला. बऱ्याच गाड्यांत पुढे रेडिएटर नसतो. पट्टा जो बर्फ वर उडवतो तोच इंजिनाचं पाणी थंड करतो. वाट गोठून काचेसारखी झाली की उडायला बर्फच नसतो. रबरी पट्टा आतून ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्याही त्याच बर्फाच्या ओलाव्यावर चालतात, कोरड्या पडल्या की वितळतात. यावर उपाय म्हणजे मधून मधून कडेच्या मऊ बर्फात जाणं. काही गाड्यांना बर्फ खरवडून उडवणाऱ्या सळ्या असतात, त्या खाली सोडा.

*गोठलेला तलाव.* स्नोमोबाईल जायला निदान पाच ते सात इंच स्वच्छ, टणक बर्फ लागतो आणि तो सगळीकडे सारखा नसतो. वर ब्रेक जवळजवळ लागत नाही. पहिल्या वर्षी जाऊच नका.

*मोठा उघडा उतार.* साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमस्खलन होतं आणि गाडीचं वजन ते सुरू करू शकतं. एका वेळी एकच गाडी. मित्र वर रुतला म्हणून दुसऱ्याने त्याच उतारावर चढायचं नाही. तुम्ही त्या भागात असूच नये, पण टोळक्यात गेलात की मोह होतो.

*वेग.* ऑन्टारिओत ट्रेलवर (स्नोमोबाईलसाठी आखलेल्या वाटेवर) ताशी ५० किमीची मर्यादा आहे आणि हेल्मेट सक्तीचं. ट्रेलचा परवानाही लागतो, भाड्याच्या गाडीवर तो लावलेला आहे का बघून घ्या.

८. गाडी परत करताना

ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून मोबाईलवर व्हिडिओ काढा: स्कींचा खालचा भाग, पुढची काच, बंपर, पट्ट्याचे दात. आमच्याकडून एका दुकानाने काचेच्या कोपऱ्यातल्या तड्याचे पैसे कापले. तो तडा सकाळी होता हे भावोजी शपथेवर सांगत होते, पण पुरावा नव्हता. पेट्रोल भरून द्यायचं की दुकान त्याचे पैसे लावणार, हेही कागदावर लिहून घ्या. आणि अनामत रक्कम परत मिळाल्याची पावती खिशात पडल्याशिवाय बूट उतरवू नका. एकदा गरम कॉफी हातात आली की पुन्हा त्या थंडीत काउंटरवर जायची हिंमत होत नाही.